स्प्लेंडरचं इंजिन काढून मोटर बसवली: चौदा महिन्यांचा अनुभव

वडिलांची २०११ ची स्प्लेंडर. धूर मारायला लागली होती, मेकॅनिक म्हणाला बोअर करावं लागेल. तेव्हा डोक्यात किडा वळवळला की खर्च करायचाच तर मोटरच बसवू. किट, बॅटरी, फिटिंग आणि आरटीओचं काम धरून ९७ हजार गेले. एवढ्यात नवी इलेक्ट्रिक स्कूटर आली असती, हे घरात प्रत्येकाने ऐकवलं. खरंच आली असती.

आजपर्यंत साडेचौदा हजार किलोमीटर झाले. सातारा ते कोरेगाव, रोज जाऊन-येऊन चाळीस.

किटच्या पत्रकावर रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाणारं अंतर, दीडशे किलोमीटर लिहिली होती. बॅटरी ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवर; गुणाकार केला की २८८० वॅट-अवर, म्हणजे २.८८ युनिट. दीडशे किलोमीटर काढायचे तर एका किलोमीटरला १९ वॅट-अवरच वाट्याला येतात. एवढ्यात सडपातळ माणूस वारा पाठीशी घेऊन रमतगमत गेला तर जाईल. मी पन्नासच्या वेगाने जातो आणि मला पंचाऐंशी मिळतात. हा गुणाकार मी पैसे भरल्यावर केला, तुम्ही आधी करा.

एका फुल चार्जिंगला मीटरवर सव्वातीन युनिट पडतात, थोडी वीज चार्जरच खातो. माझ्या स्लॅबमध्ये युनिट बारा रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे महिन्याला पाचशेच्या आत भागतं. पेट्रोलवर हेच अठराशे जायचे. तेराशेची बचत धरली तर पैसे वसूल व्हायला सहा वर्षं लागतात. ऑइल, चेन-स्प्रॉकेट, प्लग यांचा खर्च गेला तो धरून पाच म्हणा. आणि तोवर बॅटरी किती दम धरेल, ते बघायचं.

मोटर मागच्या चाकातच आहे. क्लच नाही, गिअर नाही. सपाट रस्त्यावर मजा येते. पहाटे माहुलीच्या पुलावरून जाताना फक्त टायरचा आवाज. कुत्र्यांना आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना मात्र गाडी आलेली कळतच नाही, त्यामुळे हॉर्नची सवय वाढली.

घाटाची गोष्ट वेगळी. सप्टेंबरमध्ये बायकोला मागे बसवून कासला निघालो. यवतेश्वरच्या चढाला गाडीचा वेग पडत पडत वीसवर आला. गिअर नसल्यामुळे हळू चढताना मोटर नुसता करंट ओढते आणि तापते. मग कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा डबा, स्वतःहून पॉवर कमी करतो. दोनदा थांबून गार होऊ दिली. त्यात चार्जचा काटा व्होल्टेजवर चालतो आणि जोर पडला की व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली येतं, त्यामुळे चढावर ४० टक्क्यांचे १८ झाले आणि वर पोहोचल्यावर परत ३५. आता मी काट्याकडे बघत नाही, ट्रिप मीटर बघतो. रोजची वाट घाटातून असेल तर या भानगडीत पडू नका.

पंक्चरचं आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मोटरची जाड वायर चाकाच्या एक्सलमधूनच बाहेर येते. पहिल्या पंक्चरला दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, ही वायर कापू का?" मी त्याचा हात धरला. शेवटी चाक न काढता टायर एका बाजूने सोडवून, ट्यूब बाहेर ओढून जागेवरच पंक्चर काढलं. आता ट्यूबमध्ये सीलंट घातलंय आणि डिकीत मोठा पाना असतो. तो पाना आणखी एका कामाला लागतो: एक्सलचे नट ढिले झाले तर एक्सल फिरून वायर पिळवटून तुटते. माझे तिसऱ्या महिन्यात ढिले सापडले. फिटरकडे टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी लोखंडी पट्टी, मागितला तर म्हणाला, लागत नाही. मी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला.

पावसात एकदाच बंद पडली, थ्रॉटलच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. ग्रीस लावून वर रबर चढवलं, त्यानंतर त्रास नाही.

कागदपत्रांत मात्र काटकसर करू नका. मान्यता नसलेलं किट स्वस्त मिळतं, पण आरसीवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक चढत नाही आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. माझी इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबर पाटी यायला दोन महिने लागले, तोवर गाडी अंगणातच उभी होती.

वडील अजून गाडीवर बसले की डावा पाय गिअर शोधतो. काढलेलं इंजिन पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. मागच्या महिन्यात भंगारवाला दारात आला, तर त्यांनी आतून ओरडून सांगितलं, "त्याला वर बघू देऊ नकोस."