पुण्यातल्या नळस्टॉपजवळचं प्लास्टिक सर्जरी क्लिनिक: नणंदेच्या ब्रेस्ट इम्प्लांटचा अनुभव

माझ्या नणंदेचं ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन इथल्या मॅडमनी केलं. कॅन्सरमुळे एका बाजूचा ब्रेस्ट काढायचा होता आणि त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बसवायचं असं ठरलं होतं. ताईंना विचारूनच लिहितेय. पाच स्टार दिलेत, ते कशासाठी हे सविस्तर सांगते कारण नुसत्या स्टारवरून कुणाला काही कळत नाही.

आपण सगळे जाताना विचारतो काय, तर इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, साईज काय आणि खर्च किती. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो तिथेही बोलणं एवढंच झालं, वर ईएमआयचा कागद हातात दिला. खरा प्रश्न असतो की इम्प्लांट छातीच्या मसलच्या वर ठेवणार का खाली, आणि तो विचारायचा असतो हेच आम्हाला इथे येऊन कळलं. मॅडमनी फाईल उघडायच्या आधी ताईंना विचारलं, तुम्ही दिवसभर काम काय करता? ताईंचं पोळीभाजी केंद्र आहे, पहाटेपासून लाटणं हातात. मॅडम म्हणाल्या मग हे सगळ्यात आधी लिहून घेते.

मग त्यांनी समजावलं ते असं. ब्रेस्टच्या मागे पेक्टोरलिस नावाचा मोठा मसल असतो. इम्प्लांट त्याच्या खाली ठेवलं तर वरून जाड आवरण मिळतं, कडा हाताला लागत नाहीत, वरचा भाग एकसारखा दिसतो. पण त्यासाठी मसलचा खालचा जोड सोडवावा लागतो, सुरुवातीला दुखतं जास्त, आणि पुढे कायम हाताने जोर लावला की मसल आवळतो आणि इम्प्लांट जागेवरून सरकताना कपड्यातूनही दिसू शकतं. याला ॲनिमेशन डिफॉर्मिटी म्हणतात. मॅडमनी ताईंना तळहात टेबलावर जोरात दाबायला लावला आणि छातीवर हात ठेवून बघा म्हणाल्या, तो मसल कसा टणक होतो ते ताईंना स्वतःलाच कळलं, पोळी लाटताना दिवसभर हेच होणार. मसलच्या वर ठेवलं तर हा त्रास नाही, मसलला हातच लागत नाही. पण मग इम्प्लांटवर फक्त त्वचा आणि थोडी चरबी राहते, अंगाने बारीक बाईला त्यातून लाटा उमटलेल्या दिसतात ज्याला रिपलिंग म्हणतात, आणि ब्रेस्ट काढल्यावर उरलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा उत्तम असावा लागतो. रिपलिंग झालेल्या पेशंटचे फोटोपण दाखवले, चेहरा न दिसणारे, पेशंटच्या परवानगीने. नुसते छान छान फोटो दाखवणारे खूप असतात, हे मला फार आवडलं.

वरच ठेवायचं ठरलं, पण अंतिम निर्णय ऑपरेशन टेबलावर होईल हेही स्पष्ट सांगितलं. त्वचा कमजोर वाटली तर लगेच पूर्ण इम्प्लांट न घालता एक्सपांडर ठेवायचा, म्हणजे रिकामी पिशवी जिच्यात नंतर ओपीडीत सुईने थोडं थोडं सलाईन भरत जागा तयार करतात आणि मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये इम्प्लांट बदलून घालतात. त्याच्या सहीचा कागद वेगळा होता. ऐनवेळी ओटीच्या बाहेर नातेवाईकांना गाठून सही घ्या असला प्रकार नाही.

आता एक गोष्ट जी मला वाटतं प्रत्येक मराठी घरात सांगायला हवी. मसलच्या वर ठेवताना इम्प्लांटला आधार म्हणून ब्लाऊजच्या अस्तरासारखा एक थर लावतात. तो बरेचदा एडीएमचा असतो, म्हणजे पेशी काढून टाकलेली त्वचा, माणसाची नाहीतर डुकराची किंवा गाई-बैलांची. मॅडमनी हे आपणहून सांगितलं आणि चालेल का ते विचारलं. ताई माळकरी आहेत, त्या नको म्हणाल्या, त्यावर एक शब्द न बोलता सिंथेटिक मेशचा पर्याय दिला आणि दोन्हीचा खर्च लिहून दिला. अंगात काय घालणार हे विचारण्याचा बाईला पूर्ण हक्क आहे आणि तो इथे मागावा लागला नाही.

तसंच मिश्रीचं. तंबाखू खाता का असं मोघम न विचारता सरळ मिश्री लावता का, तपकीर ओढता का, असं विचारतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि अशा ऑपरेशननंतर त्वचा काळी पडू शकते, म्हणून. सिगारेट ओढता का विचारलं तर आपल्याकडच्या बायका नाहीच म्हणणार, खरी माहिती मिश्रीच्या प्रश्नातच निघते.

रेडिएशन लागणार का हे कॅन्सर सर्जनशी बोलून मगच पुढचं ठरवलं. इम्प्लांटभोवती शरीर स्वतः एक पापुद्रा तयार करतं, तो सगळ्यांनाच होतो, पण काहींना तो आवळून कडक होतो आणि आकार बिघडतो, दुखतं, आणि रेडिएशननंतर ही शक्यता चांगलीच वाढते. अशा वेळी पोटाची किंवा पाठीची त्वचा-चरबी वापरून ब्रेस्ट करणं काहींना जास्त बरं पडतं. ताईंना रेडिएशन लागलं नाही.

इम्प्लांट गुळगुळीत पृष्ठभागाचं वापरलं. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल प्रकारची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली होती, एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरशी, संबंध दिसला म्हणून, हा विषय मॅडमनी स्वतःच काढला. इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं, सिलिकॉनचं असेल तर ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि मग दर २-३ वर्षांनी, आणि त्या जागी पूर्वीसारखी संवेदना येणार नाही हेही आधीच सांगितलं. शेवटचं ऐकून ताई रडल्या पण नंतर कळण्यापेक्षा ते बरंच.

ज्या मुली नुसत्या साईज वाढवायला येतात त्यांच्यासाठीही हाच प्रश्न आहे. तिथे स्वतःचा ब्रेस्ट शिल्लक असतो त्यामुळे हिशोब वेगळा, वरच्या भागात चिमटीत धरल्यावर जाडी २ सेंमीपेक्षा कमी असेल तर सहसा मसलखाली जातात, आणि बऱ्याचदा ड्युअल प्लेन करतात म्हणजे वरचा अर्धा मसलखाली आणि खालचा भाग ब्रेस्टखाली. तुम्हाला चिमटीने मोजलंच नाही आणि थेट साईजचा कॅटलॉग पुढे ठेवला तर उठून या.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्वचा छान राहिली, एक्सपांडरची गरज पडली नाही. घरी ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, घेऊन आलो, सिस्टरनी ती रिकामी करून मिली कसे लिहायचे ते माझ्याकडून करून घेतलं, दिवसाला ३० मिलीच्या खाली आल्यावर काढली. खांद्याचे व्यायाम लवकर सुरू केले पण लाटणं दीड महिना बंद. आता ताई पुन्हा ओट्यापाशी उभ्या आहेत, लाटताना काही हलत नाही. पुढे वाकल्यावर वरच्या बाजूला थोडी लाट दिसते, ती आधी सांगितलेली होती आणि चरबी भरून कमी करता येते, पण ताईंना सध्या आणखी काही नको आहे.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट घेऊनही खूप वेळ बसावं लागतं आणि पार्किंग अजिबात नाही, मेट्रोने नळस्टॉपला उतरून चालत या. आणि मेडिक्लेमवाल्यांनी कॉस्मेटिक सर्जरी कव्हर होत नाही म्हणून आधी नकार दिला तर गप्प बसू नका, आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, नियमात कॉस्मेटिक वगळलंय पण अपघात, भाजणं आणि कॅन्सरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनला ते वगळणं लागू नाही. क्लिनिकने तसं पत्र दिलं आणि आमचं प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीची विम्याची मंजुरी, पास झालं. इम्प्लांटच्या सिरियल नंबरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डवर लावलंय का ते निघण्याआधी बघा आणि त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.