शाओलिन की ताईची: मनाला शिस्त लावायची तर नेमकं काय धरायचं?

हा प्रश्न कुणी विचारला की उत्तर ठरलेलं असतं, दोन्ही चिनी युद्धकला, शाओलिन हार्ड म्हणजे जोराची, ताईची सॉफ्ट म्हणजे सावकाश, सैल हालचालींची. आता यावरून कुणी काय ठरवायचं?

शाओलिन हा चीनच्या हेनान प्रांतातला बौद्ध मठ, पाचव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. बोधिधर्माने तिथे येऊन कुंग फू शिकवलं ही गोष्ट आपल्याला ऐकायला लय भारी वाटते पण ती बरीच नंतर जोडलेली आहे, इतिहासकार ती मानत नाहीत. ते जाऊदे. शिकणाऱ्याला पहिल्यांदा गाठ पडते ती 'मा बू'शी, म्हणजे घोड्यावर मांड ठोकल्यासारखं गुडघे वाकवून नुसतं उभं राहायचं. थोड्याच वेळात मांड्या पेटतात, पाय लटपटतात आणि डोकं कारणं द्यायला लागतं, की आज झोप झाली नाही, आज ऑफिसला लवकर जायचंय, उद्यापासून नीट करू. ती कारणं ऐकायची, त्यांच्याशी भांडायचं नाही आणि उठायचंही नाही, बसून ध्यान करताना आलेल्या विचाराचं जे करतात तेच इथे पायांवर करायचं. मग तेच तेच फॉर्म, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, पुन्हा पुन्हा. मठातल्या एका जुन्या दालनाच्या फरशीला भिक्खूंनी सरावात पाय आपटून आपटून खड्डे पडलेत, म्हणजे बघा.

ताईचीचं नातं ताओ या जुन्या चिनी विचाराशी आणि वूदांग डोंगराशी सांगतात, झांग सानफेंग नावाच्या साधूने ती काढली वगैरे. तीही दंतकथाच. लेखी माग लागतो तो सतराव्या शतकातल्या चेन घराण्याच्या गावापर्यंत, आणि गंमत म्हणजे ते गावही हेनानमध्येच! इथेही उभंच करतात, पण झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून, गुडघे जरासे सैल. दिसायला सोपं. दोन मिनिटांनी कळतं की खांदे आपोआप वर चढलेत, दात आवळले गेलेत, ते सोडले की परत चढतात. जोर लावून हे जमतच नाही, आणि सगळं जोर लावूनच करायची सवय असलेल्या माणसाची इथे चांगलीच जिरते.

माझ्या मते खरा फरक असा की शाओलिनमध्ये स्वतःला फसवता येत नाही, पाय सांगतातच. ताईचीत मात्र वर्षानुवर्षं नुसते हात हलवून 'मी शांत झालो' म्हणता येतं. त्यावर उतारा म्हणजे तुई शौ, समोरच्याच्या मनगटाला मनगट लावून एकमेकांचा तोल काढायचा, चिडला किंवा ताठरला तो गेला. हे न शिकवणारा क्लास असेल तर व्यायाम होईल, मनाचं माहीत नाही.

तर जिम, योगा, डायरी सगळं सुरू करून आठवड्यात सोडणाऱ्याने शाओलिन धरावं. हातात घेतलेलं सोडतच नाही, पण सतत ताणात असतो, हरलं की रात्रभर झोप नाही, अशाने ताईची. वयाचं म्हणाल तर ताईची उशिराही सुरू करता येते, १९५६ साली चीनमध्ये सर्वसामान्यांसाठी बसवलेला २४ हालचालींचा छोटा फॉर्म आहेच, पण गुडघा आत वळवून केली तर तीही गुडघे दुखवते. दोन्ही एकदम नको, एकाचा कंटाळा आला की दुसऱ्यात पळवाट मिळते.

डेमो क्लासला गेलात तर नवीन माणसाला किती वेळ उभं करतात तेवढं विचारा. पहिल्याच दिवशी कोलांट्या दाखवणारा किंवा 'ची'ने, म्हणजे अंगातल्या ऊर्जेने, आजार बरे करतो म्हणणारा भेटला तर फी न भरता घरी या.