केवळ मांसाहार : संक्रांतीपासून श्रावणापर्यंतचा अनुभव

संक्रांत झाल्यावर मी धान्ये, डाळी, भाज्या, फळे आणि साखर पूर्णपणे बंद करून केवळ मांस, मासे, अंडी, तूप आणि अधूनमधून पनीर-दही यांवर राहू लागले, आणि श्रावण लागेपर्यंत हा आहार सलग पाळला. माझे वय ४६ आहे. सुरुवात केली तेव्हा वजन ८४ किलो होते आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते, त्यामुळे पुढची पायरी कोणती हे मला दिसत होते. आईला आणि मामांना त्या पायरीवर मी पाहिलेले आहे. आता वजन ७१ किलो आहे, साखर खाली आली आहे, आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणून ओळखले जाणारे कोलेस्टेरॉल, मात्र वाढले. यातली कोणतीही एक गोष्ट सोडून दुसरी सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून तिन्हींविषयी पुढे सविस्तर लिहिते. पण हा आहार सुरू करू पाहणाऱ्याला आधी एक गोष्ट पटायला हवी, ती अशी की हा आहार नावाने मांसाचा असला तरी प्रत्यक्षात चरबीचा आहे, आणि चरबीची भीती मनात ठेवून तो आठवडाभरही निभत नाही.

याचे कारण साधे आहे. भात, भाकरी आणि साखर बंद केल्यावर शरीराला ऊर्जा मिळण्याचे दोनच मार्ग उरतात, प्रथिने आणि चरबी. प्रथिनांवर सगळा भार टाकता येत नाही, कारण त्यांच्यातला नत्र युरियाच्या रूपाने बाहेर टाकण्याची यकृत-मूत्रपिंडांची क्षमता मर्यादित असते. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात इन्युइट लोकांबरोबर अनेक वर्षे राहिलेले संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात, आपले सहकारी कार्स्टन अँडरसन यांच्यासह, वर्षभर केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून दाखवला. त्या प्रयोगात सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबीविरहित मांस देण्यात आले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले; चरबी वाढवताच ते बरे झाले, आणि पुढे त्यांच्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग चरबीतूनच येत राहिला. या प्रयोगाला अमेरिकेतील मांस उद्योगाचे अर्थसाहाय्य होते आणि माणसे दोनच होती, त्यामुळे त्यावरून दीर्घायुष्याचे निष्कर्ष काढणे योग्य नाही. चरबीविषयीचा त्यातला धडा मात्र मी माझ्या स्वयंपाकघरात रोज खरा होताना पाहिला.

आता हा धडा कोल्हापुरात कसा लागू करायचा हा खरा प्रश्न होता. परदेशातले लोक ज्या चरबीदार गोमांसावर हा आहार चालवतात ते आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि आमच्या घरात तो विषय कधी नव्हताच. आपले मटण बोकडाचे, आणि बोकडाचे मांस मुळातच कमी चरबीचे असते. त्यात आपल्याकडचा खाटीक गिऱ्हाइकाचे भले करायचे म्हणून असलेली चरबीही काढून टाकतो. आमच्या नेहमीच्या दुकानात पहिल्यांदा वेगळी मागणी केली तेव्हा सुरी हातात धरून ते थांबलेच. “वहिनी, चरबी साफ करून देतो की,” असे ते म्हणाले. “राहू द्या, आणि गुर्द्याभोवतीची वेगळी असेल तीही बांधा,” असे सांगितल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पुढे मात्र माझ्यासाठी सीना, मान आणि चाप यांचे तुकडे ते आपणहून बाजूला काढून ठेवू लागले, कारण मांडीच्या कोरड्या मांसापेक्षा याच भागांत चरबी आणि हाडातला रस जास्त असतो. जमेल तेव्हा मेंढ्याचे मटण घ्यावे, कारण त्यात बोकडापेक्षा चरबी अधिक असते.

गुर्द्याभोवतीची पांढरी, घट्ट चरबी घरी आणून बारीक चिरावी, जाड बुडाच्या पातेल्यात वाटीभर पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवावी आणि अधूनमधून हलवत राहावी. पाणी आटत आले की आवाज बदलतो, चरबी पारदर्शक होऊन सुटते आणि वर तांबूस, कुरकुरीत तुकडे तरंगू लागतात. ते तुकडे मीठ लावून गरम असतानाच खाण्यासारखे असतात, आणि गाळलेली चरबी स्टीलच्या डब्यात शुभ्र थिजते. बोकडाची चरबी फार लवकर थिजते, ताटात अन्न निवू लागले की ती टाळूला चिकटते आणि घास नकोसा होतो, म्हणून हे जेवण तव्यावरून थेट ताटात आणि ताटातून लगेच पोटात जायला हवे. कढवलेली चरबी सुरुवातीला एकदम जास्त घेतल्यास पोट बिघडते. मांसाला लागून असलेली चरबी त्यामानाने सहज पचते. ज्यांना हा सगळा व्याप नको, त्यांनी सरळ घरचे तूप वापरावे. कोंबडीच्या बाबतीत दुकानदाराला कातडी ठेवायला सांगावे आणि छातीऐवजी तंगडीचे मांस घ्यावे.

पहिल्या दोन आठवड्यांविषयी मोकळेपणाने लिहायला हवे, कारण बहुतेक जण याच काळात सोडून देतात. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते आणि माणूस हरखून जातो, पण उतरलेला बराचसा भाग पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. साठा संपला की ते पाणीही जाते. त्याच वेळी इन्शुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठ अधिक बाहेर टाकतात, आणि डोके दुखणे, उठताना अंधारी येणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे हे सगळे सुरू होते. यावर कोल्हापूरच्या प्रत्येक घराला माहीत असलेला उपाय आहे, तो म्हणजे अळणी. मटण शिजवताना तिखट-मसाला पडण्याआधी काढलेले ते पाणी आपण लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना देतो. मी ते हाडे जास्त घालून, चवीपेक्षा थोडे अधिक मीठ घालून, सकाळी आणि संध्याकाळी वाडगाभर घेत असे. डोकेदुखी त्याने दोन दिवसांत गेली. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी मात्र मीठ असे परस्पर वाढवू नये.

औषधे चालू असणाऱ्यांसाठी माझे सांगणे याहून ठाम आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना पिष्टमय पदार्थ एकाएकी बंद केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका असतो. आणि वजन उतरू लागल्यावर रक्तदाबाच्या गोळीची मात्राही कमी करावी लागू शकते. मला कोणतेही औषध चालू नव्हते, तरीही मी आधी डॉक्टरांकडे जाऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची चाचणी), युरिक ॲसिड, लिपिड (रक्तातली चरबी) आणि यकृताच्या चाचण्या करून घेतल्या. मूत्रपिंडाचा विकार, गाउट (युरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी), गर्भारपण किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार असेल तर या वाटेला जाऊच नये, असे माझे मत आहे.

घरात हा आहार पाळण्यातली अडचण मला चवीपेक्षा वारांची वाटली. आमच्याकडे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी पाळतात, त्या दिवशी अंडेसुद्धा फोडत नाहीत. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, “तुझं भांडं आणि तवा वेगळा ठेव, पण वाराला घरात शिजवायचं नाही.” ते मला मान्यच होते. त्या दिवशी मी तुपात परतलेले पनीर आणि घट्ट दही यांवर राहिले, किंवा एक वेळ जेवून दुसऱ्या वेळी काहीच घेतले नाही. एकदा शरीर चरबीवर चालायला शिकले की भूक पूर्वीसारखी घड्याळाबरोबर येत नाही, आणि हा या आहाराचा मला मिळालेला सर्वांत मोठा फायदा आहे. चार वाजता चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकण्याची वर्षानुवर्षांची ओढ मार्चअखेर पूर्ण गेली. कांदा-लसूण मसाल्याशिवाय मटण खाण्याची कल्पना कोल्हापूरकराला सहन होणार नाही, पण केवळ मिठावर आणि स्वतःच्या चरबीत खरपूस भाजलेल्या चापेची चव मला खरोखर आवडू लागली. मिरपूड आणि हळद मी महिन्याभराने परत आणली. लग्नसराईत घरून उकडलेली अंडी खाऊन जात असे.

खर्च हा दुर्लक्ष करण्यासारखा भाग नाही. मला हाडांसकट दिवसाला पाऊण किलोच्या आसपास मटण लागले असते, आणि साडेसातशे रुपये किलो धरले तरी महिन्याचा आकडा सतरा हजारांच्या जवळ जातो. मटणाच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस ज्या शहरात आंदोलन उभे राहिले, तिथे हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून मटण आठवड्यातून तीनदा, आणि बाकी दिवस अंडी, कातडीसकट कोंबडी, बांगडा आणि तारली असे मी बसवले. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने आणि पाच ग्रॅम चरबी असते, त्यामुळे स्वस्तात पोट भरण्यासाठी अंड्यासारखे दुसरे काही नाही. तारली काट्यांसकट खाल्ली जाते, त्यामुळे कॅल्शियमही मिळते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मात्र रत्नागिरी-मालवणची आवक घटते, भाव चढतात आणि ताजेपणाची खात्री राहत नाही. ते दोन महिने मी मासे जवळजवळ सोडलेच होते.

कलेजी आठवड्यातून एकदाच खावी. तिच्यात लोह, फोलेट आणि ब-१२ भरपूर आहे, पण अ जीवनसत्त्व इतके असते की शंभर ग्रॅम कलेजीत प्रौढ माणसाच्या ३००० मायक्रोग्रॅम या रोजच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरते. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस मी पूर्ण टाळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आणि लाल मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले. ही दुसरी नोंद मी नियमित खात असलेल्या पदार्थाविषयी आहे, आणि तिच्याकडे मला डोळेझाक करता येत नाही.

जुलैच्या चाचण्यांत एचबीए१सी ५.६ आले. रक्तातल्या चरबीचा एक प्रकार असलेले ट्रायग्लिसराइड्स २१० वरून १०८ वर आले आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, ३८ वरून ४७ वर गेले. एलडीएल मात्र ११८ वरून १७६ झाले. हे माझ्या एकटीचे वेगळेपण नाही. समाजमाध्यमांवरून जमवलेल्या, हा आहार पाळणाऱ्या २०२९ जणांच्या पाहणीचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांनी समाधान व्यक्त केले होते, पण ज्यांनी चाचण्यांचे आकडे दिले त्यांच्या एलडीएलचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १७२ होता. या आहाराचे पुरस्कर्ते म्हणतात की ट्रायग्लिसराइड्स उतरलेले असतील तर वाढलेल्या एलडीएलची काळजी करू नये. मला हे पटत नाही. एलडीएल आणि हृदयवाहिन्यांतील अडथळे यांचा संबंध अनेक प्रकारच्या अभ्यासांतून सिद्ध झालेला आहे, आणि भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. वर्षाकाठी वाढत जाणाऱ्या आकड्याकडे पाहत, आपण अपवाद ठरू या आशेवर बसणे मला जमणार नाही.

म्हणून श्रावणात मी ताट बदलले. महिनाभर ताक, पनीर, मूग, पालेभाज्या, दोडका आणि कारले असे जेवले, आणि श्रावणानंतर मांसाहार परत आणताना कढवलेली चरबी बंद करून तूपही चमच्यावर आणले. मटण आठवड्यातून एकदा, बाकी दिवस मासे, अंडी, भाज्या आणि दुपारी एक ज्वारीची भाकरी. दोन महिन्यांनी एलडीएल १३१ वर उतरले, एचबीए१सी ५.६ वरच राहिले आणि वजन किलोभर वाढून तिथेच थांबले आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तीन महिन्यांची मुदत ठरवून, आधी आणि नंतर रक्त तपासून, पहिल्या दिवसापासून अळणी आणि चरबी यांची सोय करून मगच उतरावे. माझी पुढची लिपिड चाचणी जानेवारीत आहे.