जुना झिऑन की नवा आय५?

२०१६चा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर जुन्या बाजारात आता स्वस्तात मिळतो. १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाचून हात शिवशिवतात, पण टर्बो, म्हणजे कमाल वेग, जेमतेम ३.३ गिगाहर्ट्झ. शेजारी इंटेलचाच घरगुती पीसीचा प्रोसेसर कोअर आय५-१२४०० ठेवा: ६ कोअर, १२ थ्रेड, टर्बो ४.४. टॅली, ब्राउझर, फोटोशॉप, गेम यांना एकेका कोअरचा वेग लागतो. तिथे आय५ सरळ पुढे जातो.

झिऑनची खरी किंमत मदरबोर्डावर कळते. एलजीए २०११-३ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा) बोर्ड शोधावा लागतो, आणि सॉकेटची पकड चौकोनी की अरुंद हे न बघता कूलर आणला तर तो बसतच नाही. आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड हवंच. नाहीतर पंखे फिरतात, पडदा काळा. रॅम चार चॅनेलची, म्हणजे चार वाटांनी जोडलेली आहे. एकच डीडीआर४-२४०० काडी लावली तर ७६.८ऐवजी १९.२ जीबी प्रति सेकंदावर भागवावं लागतं, म्हणून चार सारख्या काड्या घ्या. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त पडते, मात्र ती आय५च्या बोर्डावर चालू होणार नाही. विंडोज ११च्या अधिकृत यादीतही हा झिऑन नाही.

मग घ्यायचा कोणी? सात-आठ व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीत चालणारे आभासी संगणक), १२८ जीबी रॅम, दोन-तीन कार्डांसाठी ४० पीसीआयई लेन (कार्ड जोडायच्या वाटा) लागणाऱ्यांनी. बाकीच्यांनी आय५च घ्यावा, आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ नसलेला. एफमध्ये ग्राफिक्स बंद असतं.