आखेन की आइंडहोवन: दोन्हीकडे राहून झाल्यावर

दर वर्षी मार्चच्या सुमाराला पुण्याहून, सांगलीहून मला साधारण एकाच अर्थाचे फोन येतात. "दादा, आखेनलाही अर्ज केलाय आणि आइंडहोवनलाही. दोन्हीकडून होकार आला तर काय करू?" दहा मिनिटांच्या फोनमध्ये हे सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढतो. मी 2019 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या आखेनला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी गेलो, 2022 मध्ये ते संपवलं, मग त्याच राज्यात, नॉर्थ ऱ्हाइन वेस्टफालियात, दीडेक वर्ष नोकरी केली आणि 2024 पासून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये आहे. दोन्ही शहरांत रेल्वेने दोन तासांच्या आतबाहेरचं अंतर. हेरलेनला गाडी बदलायची, बस्स. पण तेवढ्या अंतरात परदेशातून आलेल्या माणसाचे बरेच हिशेब बदलतात.

आधी शिक्षणाचा खर्च, कारण घरी पहिला प्रश्न तोच असतो. इथे जर्मनीशी कुणाची बरोबरीच नाही. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फी नाही, दर सहा महिन्यांनी साधारण तीनशे युरोंची वर्गणी भरायची. अपवाद आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून आपल्यासारख्यांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024 पासून फी सुरू केली. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, पण ते तुमचेच पैसे, दरमहा 992 करून परत मिळतात. नेदरलँड्समध्ये मास्टर्सची वर्षाची फीच पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात जाते आणि राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. शिष्यवृत्ती नसेल तर शैक्षणिक कर्जाचा आकडा दुपटीच्या वर जातो. माझ्या वडिलांनी कर्जासाठी घर तारण ठेवलं होतं. फीचा हा हिशेब पाहून मी आखेन सोडून दुसरं नाव काढलंच नाही आणि आजही तसंच करीन.

शिकताना चार पैसे कमवायचे असतील तरी जर्मनी सोयीची. विद्यापीठात हिवी, म्हणजे प्राध्यापकांचा विद्यार्थी-मदतनीस, म्हणून किंवा कंपनीत वर्कस्टुडंट म्हणून काम सहज मिळतं आणि 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. डच बाजूला आठवड्याला 16 तास, नाहीतर जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण वेळ, आणि दोन्हीला मालकाने वेगळा परवाना काढायचा. एवढ्या कटकटीत छोटा दुकानदार पडत नाही.

मात्र जर्मन परीक्षेबद्दल कुणी आधी सांगत नाही, ते मी सांगतो. एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदाही नापास झालात तर तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी बंद, आणि बहुधा देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम घेता येत नाही. माझ्याबरोबरचा एक अत्यंत हुशार मुलगा स्ट्रक्चरल डायनॅमिक्सच्या तिसऱ्या पेपरच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात बसून होता, समोर वरणभात तसाच. तो पास झाला. पण त्या भीतीपायी लोक पेपर पुढे ढकलतात आणि दोन वर्षांचं मास्टर्स तीन वर्षांवर जातं. माझंही गेलं. आइंडहोवनला वर्षाचे चार भाग करतात, परीक्षा लहान आणि लवकर, आणि माझ्या ओळखीतली बहुतेक मुलं दोन-सव्वादोन वर्षांत बाहेर पडली. एक वर्ष आधी पगार सुरू होतो हे फीच्या हिशेबात धरायला हवं. तरीही माझ्या मते फरक भरून निघत नाही.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला जर्मनी 18 महिने देते, नेदरलँड्स एक वर्ष. कागदावर जर्मनी पुढे. प्रत्यक्षात जर्मन येत नसेल तर त्या 18 महिन्यांतले सहा बी1-बी2 या भाषेच्या मधल्या पातळ्यांच्या क्लासमध्येच जातात. आखेनच्या आसपासच्या कंपन्यांत मुलाखत इंग्रजीत सुरू व्हायची आणि चौथ्या प्रश्नाला जर्मनवर यायची. आइंडहोवनचं तसं नाही. शेजारच्या फेल्डहोवनमध्ये चिप बनवायची यंत्रं करणारी एएसएमएल आहे, गावात चिप बनवणारी एनएक्सपी आहे, फिलिप्स 1891 मध्ये इथेच सुरू झाली, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची आजूबाजूला रांग आहे. माझ्या टीममध्ये नऊ जणांत डच फक्त तिघे. मीटिंग इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत. ऑटोमोबाइलवाल्याने मात्र जर्मनीच धरावी, त्याचं काम तिकडे आहे.

आता तीस टक्क्यांची सवलत. परदेशातून आणलेल्या कुशल माणसाच्या पगाराचा 30 टक्क्यांपर्यंतचा भाग नेदरलँड्समध्ये पाच वर्षं करमुक्त देता येतो, 2027 पासून हे प्रमाण 27 टक्के. सगळे याच्याच गोष्टी सांगतात. पण अट अशी की नोकरी लागण्याआधीच्या 24 महिन्यांपैकी 16 पेक्षा जास्त महिने तुम्ही डच सीमेपासून 150 किलोमीटरपलीकडे राहिलेले हवेत. नकाशा उघडून बघा. आखेन, कोलोन, ड्युसेलडॉर्फ, डॉर्टमुंड सगळी त्या पट्ट्याच्या आत. मला एक पैसा मिळाला नाही. माझ्याच हुद्द्यावर थेट पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याच्या हातात माझ्यापेक्षा महिन्याला काहीशे युरो जास्त पडतात. भाडं कमी म्हणून सीमेपलीकडच्या व्हाल्समध्ये खोली घेऊन रोज बसने आखेनला येणारी मुलंही यात अडकतात, ती तर नेदरलँड्समध्येच राहिलेली असतात. म्हणून शिकायला जर्मनी आणि कमवायला नेदरलँड्स असा बेत असेल तर म्युनिक, बर्लिन, ड्रेस्डेन असं लांबचं गाव निवडा. हे मला 2019 मध्ये कुणी सांगायला हवं होतं.

इतकं नुकसान सोसून मी का आलो, ते सांगायला हवं. कारण एकच होतं, आणि ते पत्रपेटीचं आहे.

जर्मनीत पत्त्याला फ्लॅट नंबर नसतो. इमारतीखाली पेट्यांची ओळ असते आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत. 2023 च्या सुरुवातीला मी ब्लू कार्डसाठी, म्हणजे कुशल नोकरदाराच्या राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज करून नव्या फ्लॅटमध्ये आलो. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. छापील पट्टी इमारत सांभाळणारी कंपनीच लावते, दुसरी चालत नाही, आणि तिला तीन आठवडे लागणार होते. तोवर मी कागदावर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. पेट्या उघड्यावर होत्या. फेब्रुवारीचा तो तिरका पाऊस, कागदात पाणी शिरलं, शाई ओघळली. माझ्या आडनावातली मधली चार अक्षरं गेली. त्याच आठवड्यात परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र आलं आणि "या पत्त्यावर ही व्यक्ती सापडली नाही" असा शिक्का घेऊन परत गेलं. त्यात माझ्या मुलाखतीची तारीख होती.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाच आठवडे वाट पाहिली, दोन ईमेल केले. ईमेलचं उत्तर म्हणूनही पत्रच पाठवतात हे नंतर समजलं. शेवटी रजा टाकून पहाटे साडेसहाला रांगेत उभा राहिलो, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी फाइल बघून सांगितलं की तुम्ही बोलावूनही आला नाहीत. पुढची तारीख ऑगस्टची. माझा जुना परवाना एप्रिलमध्ये संपत होता. मधल्या काळात 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो, पण त्यालाही तारीख लागते. तो हातात नसताना देशाबाहेर गेलो असतो तर परत येता आलं नसतं.

आणि मे महिन्यात सांगलीला माझा साखरपुडा ठरला होता. हॉलचं आगाऊ भाडं भरलेलं, आईने आहेराच्या साड्या आणलेल्या. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "परवाना नाही म्हणजे तू तिथे चोरून राहतोयस का रे?" मी नियमाने राहत होतो, कर भरत होतो, अर्ज वेळेत केला होता. ते तिला पटवायला अर्धा तास लागला, आणि मुलीच्या वडिलांना पटवायला त्याहून जास्त. साखरपुडा दिवाळीनंतर झाला. कार्ड हातात आलं, सगळं सुरळीत झालं, पण माझं मन तिथून उठलं होतं. लग्नानंतर बायकोच्या कागदांसाठी पुन्हा तीच पेटी, तीच रांग, हे डोळ्यांसमोर दिसत होतं.

सगळी जर्मनी अशी नाही हे आवर्जून सांगतो. छोट्या गावांत दोन आठवड्यांत कार्ड मिळालेले मित्र आहेत, आणि काही शहरांत आता अर्ज ऑनलाइन घेतात. माझा अनुभव एका कार्यालयाचा, एका वर्षाचा. पण तो माझ्या वाट्याला आला.

इकडे आइंडहोवनच्या कंपनीने करार पाठवला, आयएनडीकडे, म्हणजे परवाने देणाऱ्या डच सरकारी खात्याकडे, अर्ज त्यांनीच केला, आणि तेराव्या दिवशी मंजुरी आली. मान्यताप्राप्त कंपन्यांसाठी दोन आठवड्यांचा वायदा असतो असं ऐकलं होतं, तो पाळला गेला. एक्सपॅट सेंटरमध्ये एका भेटीत बोटांचे ठसे, पत्त्याची नोंद आणि बीएसएन, म्हणजे आपल्या आधारसारखा नंबर. पुढचा बहुतेक पत्रव्यवहार डिजीडी या सरकारी लॉगिनने उघडणाऱ्या ऑनलाइन पेटीत येतो. आणि घराचा पत्ता म्हणजे चार आकडे, दोन अक्षरं आणि घराचा नंबर. दारातच फट असते, पत्र घरात पडतं. नाव लिहा, लिहू नका, पोस्टमनला फरक पडत नाही. बायकोचा अर्जही कंपनीनेच केला. ती जानेवारी 2025 मध्ये आली, तिच्या कार्डावर कामाची पूर्ण मोकळीक आहे. ही मोकळीक ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनीतही मिळते, तिथे तुलना बरोबरीचीच.

नेदरलँड्समध्ये सगळं गोड नाही. घर मिळणं अवघड आहे. जर्मनीत भाड्याच्या घरात ओटा-सिंक नसतं, इथे जमीनच नसते! रिकामं घर म्हणजे खाली नुसतं काँक्रीट. मी आणि शेजारच्या एका केरळी मित्राने तीन शनिवार-रविवार घालवून लॅमिनेट बसवलं. डॉक्टरचा अनुभवही तसाच. जर्मनीत त्वचेचा त्रास झाला तर मी सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे फोन लावायचो. इथे आधी हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि तो बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घेऊन आठवडाभर थांबा म्हणतो. विमा दरमहा भरूनही पहिले 385 युरो खिशातून जातात. रजाही जर्मनीत मला तीस होत्या, इथे पंचवीस. मे महिन्यात पगाराच्या आठ टक्के सुट्टीभत्ता मिळतो, पण वर्षाच्या ठरलेल्या पगारात तो बहुतेकदा धरलेलाच असतो. रविवारी दुकानं उघडी असतात याचा आनंद मात्र मला अजून होतो. आखेनला शनिवारी संध्याकाळी कांदे संपल्याचं लक्षात आलं की सोमवारपर्यंत कांद्याविना.

कायम वास्तव्याचा हिशेब मात्र शांतपणे करा. जर्मन विद्यापीठातून शिकलेल्याला दोन वर्षं नोकरी आणि बी1 झाल्यावर तिथे कायमचा परवाना मागता येतो. नेदरलँड्समध्ये पाच वर्षं आणि भाषेसकट परीक्षा. मी जर्मनी सोडली तेव्हा त्या दोन वर्षांतले जेमतेम पाच महिने उरले होते. माझ्या मित्रांनी मला खूप समजावलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. नागरिकत्वासाठी जर्मनीने 2024 पासून पाच वर्षं आणि दुहेरी पासपोर्ट असा नियम केला, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आपल्याला भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागणारच.

फोन करणाऱ्या मुलांना मी आता असं सांगतो: कर्ज काढून येत असाल तर मास्टर्स जर्मनीतच करा, जमल्यास सीमेपासून लांब. ऑटोमोबाइल करायचं असेल, भाषा मनापासून शिकणार असाल तर तिथेच थांबा, चांगलंच होईल. सेमीकंडक्टर, मेकॅट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर असेल आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्न, घर, आईवडिलांचं येणंजाणं हे सगळं एकदम येणार असेल, तर पहिली नोकरी आइंडहोवनच्या बाजूला शोधा. मला इथे बरं वाटतं. परवा सासरे आले होते, दाराच्या फटीतून पडलेलं पत्र उचलून त्यांनी मला दिलं. त्यावर माझं आडनाव चुकीचं छापलेलं होतं, आणि तरी ते आलं होतं.

जर्मनीला निघालेल्यांनी एक करावं. फ्लॅटची किल्ली घ्यायच्या दिवशीच पेटीवर नाव लावून मागा. पट्टीला वेळ लागणार असेल तर नाव लॅमिनेट करून चिकटवा, आणि शेजारच्या आजींना आडनाव सांगून ठेवा.