क्रँक सारखा ढिला होतोय: आवळायचा, पत्रा घालायचा की बदलायचा?

आधी एक गोष्ट बघून घ्या, सायकलचा क्रँकच (पेडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा) नक्की हलतोय ना? क्रँक धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर ढकला. एकाच बाजूचा क्रँक डुगडुगतोय तर दोष क्रँकचा, पण दोन्ही बाजूंचे एकदमच हलत असतील तर बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेममधला एक्सल आणि त्याचे बेअरिंग) गेलाय आणि खालचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

चौकोनी एक्सलवाल्या सायकलींचं बोलतोय, कारण हे रडगाणं जास्त तिथलंच. लोकांना वाटतं क्रँक बोल्टने धरून ठेवलाय. खरं तर एक्सलची टोकं निमुळती असतात, बोल्ट फक्त क्रँकला त्यावर चढवून पाचरीसारखा घट्ट बसवतो आणि पकड त्या चार बाजूंची असते. एक्सल स्टीलचा, क्रँक बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा, म्हणजे ढिला क्रँक तसाच चालवला की झीज कोणाची होणार हे उघड आहे.

त्यामुळे बोल्ट काढा, पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लावून क्रँक उतरवा आणि त्याच्या चौकोनी भोकाकडे टॉर्च मारून बघा. कोपरे धारदार, चारही बाजू सपाट असतील तर नशीब. कोपरे गोलसर झालेत, एका बाजूला चकचकीत खड्डा पडलाय, तर तो क्रँक संपला.

भोक चांगलं असेल तर नुसतं नीट आवळणं पुरतं, आणि नीट म्हणजे साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा, २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला सोळा-एक किलोचा जोर लावला की ४० होतात. छोट्या अॅलन कीने मनगटाच्या ताकदीवर हे होतच नाही, बरेचसे क्रँक इथेच ढिले राहतात. बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, एक्सल आणि भोक कोरडं पुसून घ्या (चौकोनाला ग्रीस लावावं की नाही यावर लोक भांडत बसतात, मी कोरडंच ठेवतो). पहिल्या एक-दोन राइडनंतर परत एकदा चेक करा.

निळं लॉकटाइट (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव)? बोल्ट आपोआप फिरून सुटत असेल तर त्याचा फायदा आहे, पण भोकच मोठं झालं असेल तर बोल्ट जागेवर राहतो आणि क्रँक तरीही हलतो, मग पैसे आणि वेळ दोन्ही गेले.

कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून मध्ये घालायचा जुगाड चालतो, पण घरी पोचेपर्यंत. पत्रा चेपला की परत ढिलं, आणि तोवर एक्सलच्या कडाही खराब व्हायला लागतात, मग क्रँकसोबत बीबी पण घ्यावा लागतो. उभं राहून चढ मारताना क्रँक निसटला तर तोंडावर पडाल, म्हणून रोजच्या सायकलला हे नकोच.

भोक गेलं असेल तर माझ्या मते सरळ नवीन क्रँक. डावा सुटा मिळतो आणि बहुतेक वेळा ढिला होणाराही तोच असतो, उजव्याला चेनरिंग (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) असते म्हणून तो महाग पडतो. घेताना लांबी जुळवा, क्रँकच्या मागे १७० किंवा १७५ असा मिलिमीटरमधला आकडा कोरलेला असतो. आणि चौकोन जेआयएस आहे की आयएसओ (चौकोनाच्या मापाची दोन वेगळी मानकं) ते विचारा, दोन्हींचा निमुळता उतार सारखाच पण आयएसओचं टोक बारीक, त्यामुळे अदलाबदल केली की क्रँक काही मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो. नवीन क्रँक आवळताना बोल्टचं डोकं एक्सलच्या टोकाला टेकलं तर समजा माप चुकलंय, पुढे कितीही आवळा पकड येणार नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हेही लक्षात ठेवा, नाहीतर ते काढताना अजून घट्ट कराल.

पूर्ण सेट आणि बीबी बदलायचा विचार तेव्हाच, जेव्हा एक्सलच्या कडा झिजल्यात किंवा चेनरिंगचे दातही गेलेत. मग पोकळ एक्सलवाल्या सेटकडे जायला हरकत नाही, तिथे डाव्या क्रँकवर दोन बोल्ट असतात, ते आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, साधारण १२ ते १४ न्यूटन-मीटर. टोकाची प्लास्टिकची टोपी मात्र हलक्या हातानेच, ती फक्त प्ले (आडवी ढिलाई) काढायला आहे.

जुनी कॉटर पिनवाली (क्रँक आडव्या पिनने एक्सलवर बसवलेली) सायकल असेल तर एवढा विचारच नको, नवीन पिन घाला. चेपलेली पिन परत ठोकून बसवत बसू नका.