पायथन सोडून आठ महिने गो: कळमन्याच्या पट्टीचा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत दुकानाला मी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचा, प्रोग्राम करून दिलाय. आधी तो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत होता, आता गो या दुसऱ्या भाषेत आहे. फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्याची आवक जोरात होती. सकाळी साडेसहाला अडत दुकानातून मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, हे काय निघून राह्यलं पट्टीवर?" मागोमाग फोटो आला. हमालीच्या ओळीत नुसते आठ. मोजले तर चाळीस निघाले. त्याखाली पट्टी अर्धवट तुटलेली.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली. हमालीचा दर मी आदल्या आठवड्यात कोडमधून काढून सेटिंगच्या चौकटीत टाकला होता. चौकटीतून आकडा येत नाही, मजकूर येतो. पायथनमध्ये '८' या मजकुराला ४० कॅरेटने गुणलं की ३२० येत नाहीत, आठच चाळीस वेळा लिहून मिळतो. पायथन अडला तो पुढच्या ओळीवर, हमाली वजा करताना. तोवर प्रिंटर छापून मोकळा झालेला. सुभाष नगरहून प्रजापती नगरपर्यंत मेट्रो, पुढे ऑटो, आणि पोचेपर्यंत शेतकरी ताटकळलेला. त्याच्यापुढे उभं राहायची मला लाज वाटली.

मार्चपासून पट्टीचा प्रोग्राम गोमध्ये नव्याने लिहिला. तिथे मजकूर गुणिले आकडा असं लिहिलं तर प्रोग्राम तयारच होत नाही. पहिले पंधरा दिवस मात्र डोकं फिरलं. न वापरलेला एक व्हेरिएबल राहिला तरी कोडमधून प्रोग्राम तयार करणारा कंपायलर अडवतो. प्रत्येक फाइल उघडण्यामागे, डेटाबेसच्या प्रत्येक कॉलच्या मागे एरर तपासायच्या त्याच तीन ओळी. पायथनमधल्या अकराशे ओळींच्या गोमध्ये एकोणीसशे झाल्या.

पण मला गो आवडली ती एका फाइलसाठी, आणि ते पुन्हा पुन्हा सांगेन. घरी लिनक्सवर बसून विंडोजची एकच एक्झी, म्हणजे थेट चालणारी फाइल, बनते, नऊ एमबीची. मुनीमजी ती फोनवर उतरवतात, केबलने कॉम्प्युटरवर टाकतात, जुनीचं नाव बदलतात, झालं. आधी पायइन्स्टॉलर या साधनाने पायथनसकट बांधलेला साठ एमबीचा पसारा अँटीव्हायरस उचलून बाजूला ठेवायचा आणि मला कळमन्याला जावं लागायचं. वर्षाच्या मेंटेनन्सचे मला आठ हजार मिळतात. गेल्या वर्षी चौदा खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला अर्धा दिवस. या आठ महिन्यांत दोन. अमुक भाषेत काम लवकर होतं म्हणणाऱ्यांनी या खेपाही धराव्यात. एक सावधगिरी: एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर शुद्ध गोमध्ये लिहिलेला घ्या. सी भाषेवर टेकलेला घेतला की घरबसल्या एक्झी बनवण्याची सोय जवळपास संपते.

जूनमध्ये मत थोडं बदललं. महिन्याचे रिपोर्ट अजून पायथनमध्येच आहेत, त्यांना टाइप हिंट, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर येणार याच्या खुणा, लावून त्या तपासणारा मायपाय चालवला. अकरा जागी बोट ठेवलं त्याने, त्यातल्या दोन हुबेहूब हमालीसारख्या. हिंट पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून आहेत. मी कधी लावल्या नाहीत. फेब्रुवारीचा सगळा दोष मी भाषेवर टाकत होतो, त्यातला अर्धा मागे घेतो.

रिपोर्ट गोमध्ये नेण्याचा प्रयत्नही सोडला. शेठजींना गावनिहाय, शेतकरीनिहाय बेरीज एक्सेलमध्ये हवी होती. पायथनच्या पांडाज या लायब्ररीत अर्धा तास लागतो. गोमध्ये तीन संध्याकाळी गेल्या आणि तरी कॉलम हवे तसे बसेनात.

दुकानातला कॉम्प्युटर विंडोज ७ चा. गो १.२१ पासून विंडोज १० लागतं, म्हणून मी १.२० वर अडकलोय. पायथनचंही तेच: ३.८ नंतरची आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. दोन्ही आवृत्त्यांना सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय. मी पाच वेळा सांगितलं. शेठजी म्हणतात, "चालू आहे न, तं बदलवायचं काहून?" म्हणून त्या मशीनची इंटरनेटची वायर मीच काढून ठेवली आहे.

आता संत्र्याचा आंबिया बहार सुरू झालाय. सोमवारी दीडशेच्या वर पट्ट्या निघाल्या आणि मुनीमजींचा फोन आला तो दुपारी, कागदाचा रोल कुठून आणायचा ते विचारायला.